दोनदा मेलेला दीर

सोलगोल गावात आंजूकरणीचं खरं नाव कुणालाच आठवत नसे. आंजूहून लग्न होऊन आली म्हणून आंजूकरीण. आमच्याकडे बाईला माहेरच्या गावावरूनच हाक मारतात. सासरी हाडं झिजली तरी नाव माहेरचंच राहतं. तिची दुसरी ओळख म्हणजे ती भित्री. कोंबड्याला भ्यायची, वीज चमकली की लोणच्याच्या रांजणांमागे जाऊन बसायची, टपालवाला वळणावर दिसला की हातातलं सूप तिथंच टाकून घरात शिरायची. विहिरीवर बायका तिची नक्कल करत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणून हसत. त्या हसणाऱ्यांपैकी निम्म्या आज कुठं आहेत हे विचारायची सोय नाही. आंजूकरीण मात्र आपल्या घरात, आपल्याच अंथरुणावर म्हातारी होऊन मेली. ती कशी वाचली, त्याची ही हकीकत आहे.

सोळाव्या वर्षी ती म्योंगांच्या घरात आली तेव्हा तिचा धाकटा दीर तेसॉन पाच वर्षांचा होता. वर्षभरात सासू गेली आणि पोर तिच्या पाठंगुळीला आलं. त्याला पाठीवर बांधून तिनं राळ्याचं शेत निंदलं, नदीवर धुणी बडवली. झोपताना तो वाघाची गोष्ट मागायचा. ती सुरू करायची आणि वाघ अंगणात आला की स्वतःच घाबरून थांबायची. "वहिनी, मग वाघानं काय केलं?" पोर विचारी. "गेला निघून," ती म्हणे. तिच्या सगळ्या गोष्टींतला वाघ असा निघूनच जायचा.

एकदा ती कोळशात तापवलेल्या लोखंडी उलथण्यासारख्या इस्त्रीनं कॉलरच्या चुण्या मोडत होती. पोर मांडीशी लुडबुडलं आणि इस्त्रीचं टोक त्याच्या डाव्या कानामागं टेकलं. तो रडला त्याहून जास्त ती रडली. सासऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून पुढं दोन महिने ती त्याची वेणी, तेव्हा मुलग्यांनाही वेणी असे, त्या बाजूला ओढून बांधत होती.

तेसॉन हुशार निघाला. तालुक्याच्या शाळेत गेला, पुस्तकं वाचू लागला, वाचलेलं बोलू लागला. विसाव्या वर्षी तो सरहद्दीची आमनोक नदी ओलांडून चीनमध्ये गेला. आमच्या मुलखावर राज्य करणाऱ्या जपानी सरकारशी लढायला गेला हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पोलिसांनी येऊन सांगितलं. मग दर महिन्याला पोलीस येऊ लागले. आंजूकरणीचा नवरा तेजून दोनदा चौकीत जाऊन आला. दुसऱ्या वेळी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला दोन नखं नव्हती. आंजूकरणीचा मुलगा क्यूहान तेव्हा लहान होता, आणि खिळ्यांचे बूट वाजले की तो चड्डीतच मुतायचा.

चार वर्षांनी एक सुयादोरे विकणारा मांचुरियाकडून आला. त्यानं सांगितलं की म्योंग तेसॉन नावाच्या पोराला चिनी मुलखात कुठंतरी गोळी लागली, तो गेला. तेजूननं त्याला फारसे प्रश्न विचारले नाहीत. दुसऱ्याच दिवशी तो कचेरीत गेला आणि घराण्याच्या नोंदवहीत धाकट्या भावाच्या नावापुढं मृत अशी नोंद करून, शिक्का मारून आला. त्या महिन्यापासून पोलीस यायचे बंद झाले. दिराच्या मरणानं घर वाचलं. तेजून हे एकदाच बोलला, दारू प्यायला होता तेव्हा, आणि ढसाढसा रडला. आंजूकरीण ते विसरली नाही.

ज्याची मरणतिथी ठाऊक नसते त्याचं श्राद्ध नवव्या महिन्याच्या नवमीला घालतात. ते ती दरसाल घालू लागली. लढाईच्या दिवसांत जपान्यांनी घरोघरची पितळी भांडी ओढून नेली, पण तिनं एक वाडगा शेणखताच्या ढिगात पुरून ठेवला होता. त्यात राळ्याचा भात, बाजूला मुगाची धिरडी, वाळकी मासळी. अशी चौदा श्राद्धं झाली.

चौदाव्या श्राद्धानंतर दोन महिन्यांनी, जपानी गेले त्या वर्षीच्या थंडीत, ती अंगणात भांडी घासत होती. फाटकाशी कापूस भरलेला चिनी कोट घातलेला, दाढी वाढलेला एक माणूस उभा राहिला. ती जी किंचाळून आत पळाली ती थेट पांघरुणांच्या गठ्ठ्यामागं. तिला वाटलं, भूत आलं. यंदा मासळी कमी वाढली म्हणून आलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"वहिनी, बाहेर या. वाघ गेला निघून."

मग ती बाहेर आली आणि अंगणातल्या बर्फात बसून त्याच्या गोठलेल्या पायांना हात लावून रडली. डाव्या कानामागचा डाग तिनं आधी बघितला आणि तोंड नंतर. तो हसून म्हणाला की चौदा वर्षं जेवू घातलंत असं कळलं, पण तिकडं डोंगरात आम्ही झाडांच्या साली चावत होतो, तुमची धिरडी वाटेत कुणी खाल्ली कोण जाणे. तेजूनला नोंदवही दुरुस्त करायची होती. तेसॉन म्हणाला, राहू दे दादा, कागदावरचा तेसॉन मेलेलाच बरा, त्याला निदान कुणी पकडणार नाही. सगळे हसले. नंतर कामं एवढी निघाली की कागद तसाच राहून गेला.

तीन वर्षांत तेसॉन राजधानीत जंगलखात्याचा मंत्री झाला. सोलगोलच्या मागच्या टेकडीवर एक झाड शिल्लक नव्हतं, आणि मंत्री सोलगोलचा. गावाला याचा केवढा अभिमान! मंत्री मोटारीतून गावी आला तेव्हा लोहारानं भाता बंद ठेवला, आणि मास्तरांनी शाळा सोडली. तेसॉननं वहिनीच्या हातचे थंड शेवयांचे दोन वाडगे खाल्ले आणि सर्वांसमक्ष तिला म्हणाला, "वहिनी, आता कुणाला घाबरायचं नाही. आता पोलीससुद्धा आपलेच आहेत."

"असतील भाऊजी," ती म्हणाली. "पण ठोठावतात ते आपलंच दार ना?"

लोक पोट धरून हसले. मंत्रीही हसला. आंजूकरीण स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढं बसली, कारण मोटारीचा चालक अजून फाटकात उभा होता आणि त्याचे बूट तिला दिसत होते.

मग देशाच्या उत्तर-दक्षिण भागांत लढाई झाली. विमानांनी सोलगोल दोनदा जाळलं. तेजून दुसऱ्या आगीत गेला. क्यूहानच्या फुप्फुसात बाँबचा तुकडा शिरला आणि तिथंच राहिला. तो शाळेत शिकवू लागला, पण चढावर त्याला तीनदा थांबावं लागे. लढाईनंतर मंत्री एकदाच आला, मोटार लांब ठेवून, चालत. तो भिंतीला पाठ लावून बसला. आंजूकरणीनं वाढलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला तेव्हा तेसॉननं चमचा खाली ठेवला, ट्रकचा आवाज पुरता जाईपर्यंत थांबला आणि मग परत उचलला. तिनं ते पाहिलं. गोळ्या खाल्लेला, बर्फात झोपलेला माणूस. त्याला घाबरलेलं तिनं जन्मात बघितलं नव्हतं. 

छप्पन सालच्या उन्हाळ्यात राजधानीत मोठी सभा झाली. चीनहून आलेल्या जुन्या क्रांतिकारकांपैकी काही जण उठले आणि लोक कोंडा खातात, कारखाने कुणासाठी बांधता, असं विचारू लागले. त्यांच्यात तेसॉन होता. हे गावाला फार नंतर कळलं. आधी एवढंच कळलं की त्याचं नाव वर्तमानपत्रात येईनासं झालं. क्यूहान शाळेतून आला की आई तोंडाकडे बघायची आणि तो मान हलवायचा. वर्षभरानं नाव आलं. मंत्री म्हणून नव्हे, फुटीर म्हणून.

गावात कुणी काही म्हणालं नाही. फक्त विहिरीवर आंजूकरणीच्या घागरीशेजारी दुसऱ्या कुणाची घागर दिसेनाशी झाली. लोहार रस्त्यात भेटला तर पायातल्या वहाणा नीट करायला वाकू लागला. मग शेजारच्या खोऱ्यातलं एक कुटुंब गेलं. त्यांचा चुलता तेसॉनच्याच खात्यात अधिकारी होता. सकाळी ट्रक आला, आवरायला अर्धा तास दिला, आणि म्हातारी, पोरं, आजारी सून, सगळ्यांना उत्तरेच्या खाणींकडे नेलं. अंगणात पुरलेले किमचीचे रांजण तसेच राहिले. वसंतात ते आंबून उतू गेले आणि वास रस्त्यापर्यंत यायचा. आंजूकरीण त्या रस्त्यानं जायची बंद झाली. क्यूहान खाणीच्या मुलखात एक हिवाळासुद्धा काढणार नाही, हे तिला बोटं मोजून कळत होतं. त्याच्या दोन मुली होत्या, सात आणि चार वर्षांच्या.

त्या वर्षी पाच घरांमागे एक कारभारीण नेमायची पद्धत निघाली. यांच्या पाच घरांवर सुन्दान आली. विधवा, वयानं पन्नाशीची, स्वभावानं वाईट नव्हती. पण वाईट नसलेलं माणूसही विचारल्यावर सांगतंच. ती वेळी-अवेळी यायची, पाणी मागायची आणि पीत पीत भिंतींवरून नजर फिरवायची. तिनंच एक दिवस हळूच सांगितलं की परवा तालुक्याहून साहेब येणार, सभा आहे, म्योंगांना बोलावं लागेल. आणि जरा थांबून म्हणाली, "आंजूकरीणबाई, चांगलं बोला. ट्रक तालुक्यात येऊन थांबलाय."

 क्यूहाननं स्वतःचं भाषण लिहून ठेवलं होतं: काकाचा धिक्कार, रक्ताचं नातं तोडलं वगैरे. तिला ठाऊक होतं की शेजारच्या खोऱ्यातल्यांनीही हेच म्हटलं होतं, आणि तरी ट्रक आला होता. नातं तोडतो म्हणणं म्हणजे नातं होतं हे कबूल करणं. इकडे आड तिकडे विहीर. आणि मग, चुलीत काटक्या सारताना, तिला तेजूनचं ते जुनं बोलणं आठवलं. एकदा दिराच्या मरणानं घर वाचलं होतं.

सभा शाळेच्या पटांगणात झाली. साहेब टेबलामागं बसला होता. क्यूहान उठायच्या आत आंजूकरीण उठली. तिनं पुढच्या बाईच्या खांद्याला धरलं. ती म्हणाली की साहेब, आमचा कुणी मंत्री नाही. आमचा तेसॉन चीनमध्ये गोळी लागून मेला, त्याला सत्तावीस वर्षं झाली. मोठ्या भावानं स्वतः नोंद केली, कचेरीत वही आहे, शिक्का आहे. चौदा वर्षं आम्ही त्याचं श्राद्ध घातलं, या गावानं तो प्रसाद खाल्ला. मेलेला माणूस परत येतो होय? जपानी गेल्यावर कुणी एक माणूस आला आणि म्हणाला मी तेसॉन. मोठा माणूस, मोटारवाला. आम्ही गरीब, भिऊन हो म्हणालो.

 साहेबानं लेखणी उचलली आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तिनं सांगितलं. त्यानं अंगठा घेतला. मग गावाकडे बघून विचारलं की कुणाला आणखी काही ठाऊक आहे का.  मग लोहार उठला आणि म्हणाला, त्यालाही पहिल्यापासून संशय होता. तो माणूस शेवया दातांनी तोडून खायचा, म्योंगांच्यात शेवया कुणी तोडत नाही. त्यानंतर प्रत्येकाला काही ना काही आठवू लागलं. कुणाला त्याची चाल वेगळी वाटली होती, कुणाला बोलण्याचा हेल. तासाभरात अख्ख्या गावानं आपल्या पोराची ओळख पुसली. ट्रक आला नाही. क्यूहान घरी येऊन आईपुढं बसला. आंजूकरणीला त्या रात्री दोन वर्षांत प्रथम झोप लागली.

महिन्याभरानं जीप आली, राजधानीची. फक्त आंजूकरणीला न्यायला. सुन्दाननं तिला स्वतःचा धुवट पांढरा झगा घातला आणि नाड्याही तिनंच बांधल्या. वाटेत तिनं कुणाला काही विचारलं नाही. चोंगचॉन नदीच्या पुलावर तिला उलटी झाली. बरोबरच्या शिपायानं जीप थांबवली आणि पाणी दिलं. तो चांगला वागला म्हणून ती जास्तच घाबरली.

खोलीत एक टेबल होतं आणि एक खुर्ची, ती अधिकाऱ्याची. अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं तिचं कौतुक केलं. म्हणाला, आजी, तुमच्या कागदानं आमचं मोठं काम झालं. हा माणूस फुटीर आहे एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तो जपान्यांचा हस्तक आहे, खऱ्या क्रांतिकारकाचं नाव चोरून इतकी वर्षं आत बसलाय, हे तुमच्यामुळं कळलं.

आंजूकरणीला आधी समजलंच नाही. मग समजलं. फुटिराला खाणीवर धाडतात. हस्तकाला गोळी घालतात. तिनं आपलं घर वाचवायला एक कागद पुढं केला होता. तो कागद आता दिराच्या मानेवर होता.

"अडचण एवढीच," अधिकारी म्हणाला, "की तो महिनाभर एकच धरून बसलाय. म्हणतो, मीच तेसॉन. माझ्या वहिनीला बोलवा, तिनं मला पाठीवर वाढवलंय. डाव्या कानामागं तिच्या इस्त्रीचा डाग आहे, ती ओळखेल."

त्यानं अंगठ्याचा कागद टेबलावर ठेवला आणि तो बोटानं सरळ केला. मग, जणू सहज, क्यूहान कुठल्या शाळेत शिकवतो ते विचारलं. मुली किती वर्षांच्या, तेही विचारलं. तिनं सांगितलं. सात आणि चार.

मग त्याला आणलं. पट्टा काढून घेतल्यामुळं तो एका हातानं विजार धरून होता. दाढी पांढरी झाली होती, पाय सुजले होते. आंजूकरीण दिसताच त्याचा चेहरा उजळला. त्याची पाठ ताठ झाली, जणू आता सगळं मिटलंच. लहानपणी दुसऱ्या पोरांनी मारलं की तो अस्साच तिच्यामागं येऊन उभा राहायचा. ती आता बघेल, असं त्यांना तोंडानं म्हणायचाही नाही.

"आजी, हा तुमचा दीर का?"

तिला बोलायचं होतं. तिच्या छातीत सगळं होतं: हो, हाच, माझंच पोर. पण नजरेपुढं उतू गेलेले रांजण होते, चढावर थांबलेला क्यूहान होता. आणि खरं सांगायचं तर तेही नंतरचं. सगळ्यात आधी होते ते दारातल्या शिपायाचे बूट. ती भित्री बाई होती. तिनं दिराच्या विजार धरलेल्या हाताकडे बघत मान हलवली.

"तोंडानं सांगा."

"नाही."

"तुमच्या दिराच्या कानामागं भाजल्याचा डाग होता?"

"नाही," ती म्हणाली. "आमच्या पोराच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी फार जपलं होतं त्याला."

 आता तिला एकाच गोष्टीची भीती उरली होती: तो वहिनी म्हणून हाक मारेल. त्यानं हाक मारली असती तर तिचं अवसान गळालं असतं, ती सगळं बोलून बसली असती आणि सगळेच बुडाले असते. तिनं मनात देवाला, पितरांना, ज्यांना ज्यांना ती भात वाढत आली होती त्या सर्वांना विनवलं की याला बोलू देऊ नका. आपल्या पोरानं तोंड उघडू नये म्हणून ती हात जोडत होती. या गोष्टीची लाज तिला मरेपर्यंत पुरली.

अधिकाऱ्यानं त्याच्याकडे वळून विचारलं, "तू म्हणत होतास ही तुझी वहिनी आहे."

तेसॉन तिच्याकडे बघत होता. आधी त्याला कळलं नाही. मग त्याची नजर टेबलावरच्या अंगठ्याच्या कागदावर गेली, तिथून तिच्या कापणाऱ्या झग्यावर. त्याला कळायला तेवढा वेळ पुरला. अठरा वर्षं जपान्यांना फसवत जगलेला माणूस तो.

"खोटं बोललो," तो म्हणाला. "या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. लिहीत असतानाच तेसॉन पुन्हा बोलला, सरकारी कचेरीत परक्या म्हातारीबद्दल बोलावं तसं.

"त्यांना बसायला द्या. पाय कापताहेत त्यांचे."

खुर्ची आणेपर्यंत त्याला बाहेर नेलं होतं.

त्याचं पुढं काय झालं हे कुणी सांगितलं नाही. वर्तमानपत्रात काही आलं नाही. आंजूकरीण तिसऱ्या दिवशी गावात परत आली तेव्हा क्यूहान वळणापर्यंत येऊन उभा होता. त्यानं विचारलं, काकाच होते का? सुन्दान चार पावलांवर होती. आंजूकरीण म्हणाली, नाही रे, कुणी भलताच होता. क्यूहान म्हणाला, मलाही वाटलंच. लहानपणी याच काकाच्या खांद्यावर बसून त्यानं जत्रा बघितली होती.

खाण टळली. एवढंच नव्हे, तर हात दाखवून अवलक्षण करायला गेलेल्या बाईला उलट मान मिळाला. कारण पकडलेला माणूस तोतया ठरला म्हणजे खरा तेसॉन क्रांतीत मेला असला पाहिजे. शरदात तालुक्याहून माणसं आली आणि घराच्या दारावर हुतात्म्याचं घर अशी लाल पाटी ठोकली. महिन्याला जास्तीचे तांदूळ सुरू झाले. क्यूहानला मुख्याध्यापक केलं. विहिरीवर पुन्हा बायका तिच्या शेजारी घागरी ठेवू लागल्या, आणि लोहार वाकायचा थांबला.

आणि हुकूम आला की नवव्या महिन्याच्या नवमीला स्मरण करायचं, गावासमक्ष. तालुक्याचा साहेब येणार. म्हणजे पुन्हा भात, पुन्हा धिरडी, पुन्हा मासळी, यावेळी सरकारी. आंजूकरीण दोन दिवस आधीपासून हिशेब करत होती. मेलेल्याला वाढलं नाही तर तो उपाशी भटकतो. पण जिवंताला वाढलं तर? जिवंत माणसाचं जाणूनबुजून श्राद्ध घातलं तर तो मरतो, हे आमच्यात पोरंटोरंही जाणतात. तो कुठल्या कोठडीत श्वास घेत असेल आणि इकडे ती त्याच्या नावानं भात वाढणार. वाढला नाही तर साहेब विचारणार, का नाही वाढला. विचारावं तरी कुणाला, की बाबांनो, मारलात की ठेवलात?

तिनं वाढला. भर दुपारी, अंगणात, सगळ्यांच्या देखत. क्यूहाननं हुतात्मा काकाच्या नावाचा कागद स्वच्छ, मास्तरी आवाजात वाचला. लोकांनी माना लववल्या. तिनं मेलेल्यासाठी घालतात ते चारही नमस्कार घातले आणि प्रत्येक वेळी कपाळ जमिनीला टेकताना तिला वाटलं, हा गेला, हा आपणच ढकलला. साहेबानं घड्याळ बघितलं आणि छान झालं म्हणाला.

सगळे गेल्यावर प्रथेप्रमाणं घरच्यांनी तो वाढलेला भात वाटून खायचा असतो. सून मुलींना घेऊन नदीवर भांडी घासायला गेली होती. मायलेक तेवढे समोरासमोर बसले. क्यूहाननं दोन घास खाल्ले. मग फाटकाकडे बघून, अगदी हळू, त्यानं विचारलं.

"आई, ते जिवंत असतील का गं?"

आंजूकरणीनं मुलाकडे बघितलं. ज्याच्यासाठी तिनं हे सगळं केलं तोच हा मुलगा. मुख्याध्यापक झालेला, गेल्या महिन्यापासून तालुक्याच्या बैठकांना जाणारा. तो दुःखानं विचारतोय की विचारायला कुणी सांगितलंय, हे तिला त्याच्या तोंडावरून कळेना. तिनं त्याला जन्म दिला होता आणि तिला कळेना. 

"कोण?" ती म्हणाली.

 क्यूहाननं वाडगा जवळ ओढला आणि उरलेला भात संपवला.